पट्टा तुटला त्या दुपारी

चाऊस काळं पाणी पितात, असं माझ्या मायनं मला सांगितलं होतं. आष्टीहून जालन्याला राहायला येऊन तेव्हा आम्हाला आठ दिवसही झाले नव्हते. माझे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणायचो, एका कापसाच्या जिनमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, मुकादम म्हणून लागले होते. गावाकडची शेती काकांनी पाहायची आणि आबांनी शहरात नोकरी करायची, असं घरात ठरलं होतं. जिनच्या आवारात मागच्या भिंतीला लागून खोल्यांची एक रांग होती. तिच्यातली शेवटची खोली आम्हाला मिळाली. आवाराच्या फाटकाशी जी सुटी खोली होती, तिच्यात चाऊस राहायचे.

निजामाच्या राज्यात चाऊस म्हणजे अरब पहारेकरी. एखादी गढी असो, पेढी असो की आमच्यासारखी जिन असो, फाटकावर चाऊस बसला की चोर फिरकत नाही, अशी लोकांची खात्री होती. आमचे चाऊस उंच, हाडकुळे होते. दाढी मेंदीनं लाल केलेली आणि कमरेच्या रुंद पट्ट्यात वाकडी कट्यार, म्हणजे जंबिया, खोवलेला. दिवसभर ते बाजेवर बसून असत. बाजेपाशी शेगडीवर एक पितळी भांडं चढवलेलं असे. त्यातून ते इवल्याशा पेल्यात काहीतरी काळं ओतून घेत आणि डोळे मिटून पीत.

"काय पितेत ते?" मी मायला विचारलं.

"काळं पाणी. तू तिकडं बघत जाऊ नकोस."

आता बघू नको म्हटल्यावर मी दुसरीकडं कुठं बघणार? मला चौदावं सरलं होतं, पण विचारायची खोड काही गेली नव्हती. 'ह्या पोरीच्या तोंडात जीभ न्हाई, नुस्ता सवाल हाय,' असं आष्टीची माझी आत्या म्हणायची. काळं पाणी म्हणजे काय, ते गोड असतं की कडू, आणि ते पिऊन डोळे का मिटतात, हे कळल्याशिवाय मला चैन पडेना.

आवारात एकच आड होता. त्याला दोन रहाट होते, एक आमच्या बाजूच्या लोकांना आणि एक फाटकाकडच्यांना. पाणी ओढताना समोरच्या रहाटावर चाऊसांचा मुलगा दिसायचा. सोळा-सतरा वर्षांचा असेल. रंग आमच्यापेक्षा काळा, केस कोकराच्या लोकरीसारखे कुरळे, नाक मात्र बापासारखं धारदार. त्याला पाहून हा कुठून तरी लांबून आलाय असंच कोणालाही वाटावं. एके दिवशी सकाळी आडावर दुसरं कोणी नाही असं पाहून मी विचारलंच.

"तुमचे बाबा काळं पाणी कामून पितेत?"

तो चमकला, मग हसला. "काळं पाणी न्हाई ते. कावा हाय. कॉफीचे बुंद भाजायचे, कुटायचे, सुंठ टाकून उकळायचे."

"गोड असतंय?"

"कडू."

"मंग पितेत कामून?"

तो पोहरा ओढू लागला. मला नवल वाटलं ते त्याच्या मराठीचं. ती माझ्यासारखीच होती. दुसऱ्या दिवशी तो मुद्दाम त्याच वेळेला आला. म्हणाला, "बाबाला इचारलं. ते म्हणले, आमच्या मुलखात असंच पितेत."

"तुमचा मुलूख कोणता?"

"अरबस्तान."

"कसा हाय?"

"मला काय ठावं? मी कुठं पाह्यलाय? मी तर हितंच जालन्यात जन्मलो."

बाप सांगतो तो मुलूख लेकानं पाहिलेला नाही, आणि लेकाची बोली बापाची नाही. हे सगळं मला फार मजेशीर वाटलं. हळूहळू कळत गेलं. त्याची माय इकडचीच, बदनापूरकडच्या मुसलमानाची लेक. तो सहा वर्षांचा असताना ती तापानं गेली. त्याची मराठी तिची होती.

पुढं एकदा त्यानं आडाच्या कठड्यावर पेला आणून ठेवला आणि स्वतः चार पावलं मागं सरला. "प्यायचा तर पी. मी दिला म्हणून सांगू नको."

मी इकडंतिकडं पाहिलं आणि प्याले. त्यांच्या घरचं पाणीही आम्ही घेत नसू. घशात सुंठ झोंबली, डोळ्यांत पाणी आलं.

"कसा लागला?"

"सर्दीच्या काढ्यावानी."

तो इतका हसला की त्याचा दोर सुटून पोहरा आडात गेला. त्या दिवशी मी सारखी स्वतःला चाचपून पाहत होते. बाटलं म्हणजे काहीतरी होत असेल, पोटात नाही तर अंगावर. संध्याकाळपर्यंत काही झालं नाही. मग हेही एक विचारायचं राहिलं, की बाटल्यावर होतं काय. पण ते मायला कसं विचारणार?

त्याचेही प्रश्न असत. माझी माय पहाटे जात्यावर ओव्या म्हणायची, त्या त्याला फाटकापर्यंत ऐकू जात. एकदा म्हणाला, "तुझी माय रोज तिच्या भावाला बोलावते. तो येत कामून न्हाई?"

"अरे, ते गाणं हाय! सासरी गेलेली बाई म्हणती तसं. मामा तर दर बाजारी येतो."

मग म्हणाला, "माझी माय बी म्हणायची. मला वाटायचं, तिचा भाऊ खरंच हरवलाय."

कापसाचा हंगाम जोरात सुरू झाला तशी मी दुपारी आबांची भाकरी घेऊन यंत्रघराकडं जाऊ लागले. त्यांचं जेवण होईपर्यंत डबा परत न्यायला थांबावं लागे. यंत्रघराच्या बाहेर, सरकीच्या ढिगापाशी, लिंबाखाली मी उभी राही. त्याच वेळेला तो शाळेतून जेवायला घरी यायचा. आत एका लांब पट्ट्यावर सरकी काढायची पंधरा-वीस यंत्रं, म्हणजे रेचे, फिरत. त्यांचा असा आवाज, की आम्ही दोन हातांच्या अंतरावर उभं राहून ओरडून बोलत असू, आणि पलीकडं कापूस निवडत बसलेल्या बायांना एक शब्द ऐकू जात नसे. त्या आवाजासारखा आडोसा मला पुन्हा आयुष्यात मिळाला नाही.

काय बोलत होतो? आज आठवलं तर हसू येतं. उर्दू उजवीकडून लिहितात तर हातानं अक्षरं पुसली जात नाहीत का. तुळशीला पाणी घालताना माय काय पुटपुटते. जंबियानं कोणाला मारलंय का. (नाही, एकदा कलिंगड कापलं होतं.) कुंकू घामानं ओघळत कसं नाही. त्याला अरबी वाचता यायचं, पण त्यातलं कळायचं नाही. मी म्हटलं, आमच्या भटजींचंही बहुतेक तसंच असावं. असं एकमेकांना उलगडून पाहण्यात दोन महिने गेले.

मग तो एका लग्नाला परभणीला गेला, आठ दिवस. त्या आठ दिवसांत माझ्याकडं इतके प्रश्न साठले की पोटात मावेनात. माय होती, आबा होते, शेजारच्या मुली होत्या. पण ते प्रश्न मला दुसऱ्या कोणालाच विचारायचे नव्हते. सहाव्या दिवशी मी भाकरी थापता थापता थांबले आणि मला भीती वाटली. ह्याला काय म्हणतात ते माहीत नव्हतं, पण हे चांगलं नाही एवढं कळत होतं.

तो आला तेव्हा सरळच बोलला. "तिकडं सगळे इचारत होते, लगीन कधी करतो. मला सारखी तुझी याद आली."

"मंग काय सांगितलंस?"

"काय सांगू? आवाज बंद झाल्यावर जे बोलता येत न्हाई, ते कुणाला सांगू?"

मी डबा उचलला आणि घरी पळाले. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथंच जाऊन उभी राहिले.

माघ लागला असेल. त्या दुपारी तो फार खुशीत होता. मोती तलावावर लांबच्या मुलखातली बदकं उतरली होती, तो सकाळी पाहून आला होता. चोचीचा रंग, पंखांचा आवाज, सगळं तो ओरडून ओरडून सांगत होता. आणि आत पट्टा तुटला.

एकदम सगळं थांबलं. इतकं थांबलं की लिंबावरच्या कावळ्याचा आवाज ऐकू आला. पण तो बोलण्याच्या भरात होता, त्याच्या ध्यानातच आलं नाही. त्या शांततेत त्याचा आवाज सगळ्या आवारावर घुमला.

"माझ्यासंगं येशील का?"

आणि मीही तितक्याच जोरानं ओरडले, "येते की! कवा जायचं?"

कापूस निवडणाऱ्या बायांचे हात जिथल्या तिथं थांबले. यंत्रघराच्या दारात तुटलेला पट्टा पाहायला धावलेले आबा आमच्याकडं पाहत उभे होते. फाटकावर चाऊस बाजेवरून उठले होते. बदकं पाहायला जायचं होतं, हे त्यानंतर कोणाला सांगायचं आणि कोण ऐकणार? आणि खरं सांगायचं तर त्या एका क्षणात आम्हा दोघांनाही कळलं होतं, की सवाल बदकांचा नव्हता आणि जवाबही बदकांचा नव्हता.

मायनं घरात नेऊन एक थोबाडीत दिली आणि मग स्वतःच रडायला बसली. आबा पट्टा जोडायला परत यंत्रघरात गेले, हे जास्त वाईट होतं. दिवस कलता कलता चाऊस आमच्या खोलीपाशी आले. तोवर ते कधीच तिथं आले नव्हते. उंबऱ्याबाहेर उभे राहिले.

"मुकादम, लडके को मैं मार्या," ते म्हणाले.

"मारून काय हुतंय चाऊस," आबा म्हणाले. "चूक माझ्या पोरीची बी हाय. मी तिला उद्या आष्टीला धाडतो. बहिणीकडं राहील. लगीन लावून टाकू."

"मैं बी उसका रिश्ता परभणी में करतूं. हमारे में बी नै चलता, मुकादम. चाऊस के घर में चाऊस की लडकीच आती."

दाराआड उभी राहून मी ऐकत होते. मला केवढा धक्का बसला! त्यांच्या घरचं आम्हाला चालत नाही, हे मला ठाऊक होतं. पण मीही त्यांना चालत नाही, मी त्यांच्यापुढं कमी पडते, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. मार खाल्लेला, जीभ हलवायला बंदी. तरी माझ्या तोंडून निघून गेलं.

"मंग त्याची माय? ती तर बदनापूरची होती."

माय माझ्या अंगावर धावली. पण आबांनी हात आडवा केला. चाऊसांनी दाराकडं पाहिलं. मग मला नाही, आबांनाच म्हणाले, "वो मैं किया. मेरे बाप मरे तक मेरे घर का पानी नै पिये. जो मैं भुगत्या, वो इसकू नक्को."

आबांनी त्यांना बसा म्हटलं. ते बसले नाहीत, पण लगेच गेलेही नाहीत. दोघं बाप तसेच उभे होते, एक आत, एक बाहेर.

मी आष्टीला गेले. आत्यानं मला काही विचारलं नाही, कामाला मात्र जुंपलं. परतूरकडच्या एका घरात माझं लग्न ठरलं. पण तेवढ्यात रझाकारांची धामधूम सुरू झाली आणि मुलाकडची माणसं गुरंढोरं घेऊन सरहद्दीपलीकडं वऱ्हाडात गेली. लग्न लांबलं. गावात माणसं दबकून बोलायची. बाजार भरायचा आणि दुपारीच मोडायचा. मग फौज आली, पोलीस ॲक्शन झालं, चार-पाच दिवसांत निजामाचं राज्य संपलं. त्यानंतर जे भीत होते ते भिववू लागले आणि ज्यांना लोक भ्यायचे ते तोंड लपवू लागले. आत्याच्या शेजारच्या मोमीनांचं घर एका सकाळी उघडंच सापडलं, चुलीवर भाकरीचा तवा तसाच. ते कुठं गेले, हे मी पुष्कळांना विचारलं. त्या दिवसांत कोणी उत्तर देत नसे.

दिवाळीला आबा मला न्यायला आले. बैलगाडीत मी धीर करून विचारलं, "फाटकावर कोण हाय आता?"

आबांनी कासरा हातात घोळवला. "चाऊसच हायेत अजून. त्यांची नजर गेली. मोत्याबिंदू. पोरगंच बघतंय फाटक." थोड्या वेळानं आपणहून म्हणाले, "रझाकारात ये म्हणून बोलावणं आल्तं त्याला. बापाला दिसत न्हाई, फाटक कोण बघंल म्हणून गेला न्हाई. मी तसं पोलिसांच्या साहेबापुढं सांगून बी आलो. पण हुकूम निघालाय. बाहेरच्या मुलखातून आलेल्या अरबांना परत धाडून राह्यलेत."

थंडी पडायला लागली तेव्हा त्यांचा जायचा दिवस ठरला. सकाळी मायनं न सांगता आठ-दहा भाकरी जास्त थापल्या, वर लसणाची चटणी बांधली. आबांनी गाठोडं उचललं आणि दारातून मागं वळून मला म्हणाले, "चल. यायचं असंल तर." मायनं मान फिरवली, पण नको म्हणाली नाही.

स्टेशनावर पोलीस होते. चाऊसांची बरीच कुटुंबं वळकट्यांवर बसली होती. आमच्या चाऊसांना मी आधी ओळखलंच नाही. कमरेला जंबिया नव्हता, त्याच्याविना ते एकदम म्हातारे दिसत होते. आबा त्यांच्याकडं गेले. तो माझ्याकडं आला. पावणेदोन वर्षांत मिशी फुटली होती.

"कशी हाय?"

"बरी. लगीन ठरलंय माझं."

"ठावंय. मुकादमांनी सांगितलं."

"तुझं परभणीचं?"

"न्हाई झालं. ते लोक बी ह्याच गाडीनं चाललेत, परभणीलाच बसलेत."

"तिकडची बोली येती का तुला?"

"नमाजापुरती."

आम्ही दोघंही हसलो. पहिल्यांदाच माझ्याकडं एकही प्रश्न नव्हता. तोच म्हणाला, "साहेबानं इचारलं, जन्म कुठला. म्हणलं, जालना. ते म्हणले, मंग तुला जायची जरूर न्हाई. बाप सहा वर्षांचा असताना आल्ता तिकडून, त्याला जावं लागंल." त्यानं माझ्याकडं सरळ पाहिलं. "तू सांग. राहू का?"

गाडी लागली होती. चाऊस डब्याची पायरी पायानं चाचपत होते. पाय एकदा हुकला. आबांनी त्यांचं कोपर धरलं होतं. माझ्या मनात एकच शब्द होता आणि तो तोंडापर्यंत आलाही होता.

"तुझ्या बाबांना पायरी दिसत न्हाई," मी म्हणाले.

त्यानं पायरीकडं पाहिलं. मग "बराबर हाय," म्हणाला. जाऊन त्यानं आबांच्या हातून बापाचं कोपर घेतलं. डब्यात चढल्यावर त्यानं भाकरीचं गाठोडं मांडीवर घेतलं, ते मला खिडकीतून दिसलं. गाडी मनमाडकडं गेली. तिथून मुंबई आणि मुंबईहून बोट, असं कोणीतरी सांगत होतं.

घरी येताना वाटेत मस्तगडापाशी आबा थांबले. मग म्हणाले, "चाऊस म्हणले, मुकादम, तिकडचं आमचं गाव समुद्रापासून किती लांब ते बी मला आठवत न्हाई. कुणाला इचारू?" आणि आबांनी उपरण्यानं तोंड पुसलं.

परतूरकडची माणसं वऱ्हाडातून परतली होती, त्याच लग्नसराईत माझं लग्न झालं. नवरा शेतकरी, अबोल, पण मनानं मोकळा. लग्नाच्या तिसऱ्या वर्षी, भुईमुगाच्या शेंगा तोडता तोडता मी त्यांना सगळं सांगून टाकलं. हातातलं काम थांबवून ते ऐकत राहिले. मला वाटलं, आता काय बोलतात कोण जाणे. मूठभर शेंगा टोपलीत टाकून त्यांनी विचारलं, "बोटीत मळमळतं म्हणतेत. त्या म्हाताऱ्याला लई त्रास झाला असंल का गं?" त्या दिवसापासून माझा जीव ह्या माणसावर जडला, असं मी म्हणू शकते.

खूप वर्षांनी आष्टीच्या बाजारात बैल घ्यायला परभणीचे एक चाऊस आले होते. तेही तेव्हा तिकडं गेले होते आणि काही वर्षांनी खटपट करून परतले होते. माझे मालकच त्यांना घरी घेऊन आले. "ह्यांना तिकडचं ठावंय," एवढंच मला म्हणाले आणि चहा टाकायला सांगितलं.

पाहुण्यांनी आठवून आठवून सांगितलं. म्हातारे चाऊस दुसऱ्याच वर्षी वारले. मुलगा एका बंदरावर बोटीतल्या गाठी उतरवायच्या कामाला लागला होता, पुढं तिथंच मुकादम झाला. लग्न झालं, एक मुलगी, दोन मुलगे. "तिथं त्याला सगळे हिंदी म्हणतेत," पाहुणे हसून म्हणाले. "हितं होता तवा अरब, तिथं गेला तर हिंदी."

मालकांनी तिकडं पाऊस किती पडतो, जोंधळा होतो का, असं विचारलं. मी दाराला टेकून उभी होते. मग मी विचारलं, "घरात लेकरांशी कोणत्या बोलीत बोलतो तो?"

पाहुणे कपाळाला आठी घालून विचार करत राहिले. "ते काही ध्यानात न्हाई, बाई. मी इचारलंच न्हाई."

चहा पिऊन ते बैल हाकत परभणीच्या वाटेला लागले. मालक त्यांना वेशीपर्यंत पोचवून आले, पायातल्या वहाणा काढल्या आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "तिकडून आलेलं आणखी कुणी बाजारात भेटलं, तर इचारू आपण."